इन्सुलिन घेऊनही शुगर वर-खाली होते? डोस वाढवण्याआधी हे तपासा

सकाळी १८ युनिट, रात्री १२ युनिट, वर्षभर तेच चाललंय. तरी उपाशीपोटीची शुगर कधी ११०, कधी २४०. मग घरात चौकशी सुरू होते, 'काल आंबा कोणी खाल्ला?' आणि पुढच्या भेटीत डोस चार युनिटांनी वाढतो. पुष्कळदा दोष आंब्याचा नसतो आणि डोसाचाही नसतो. बाटलीतून कातडीखाली पोचेपर्यंत इन्सुलिन वाटेतच कुठेतरी वाया गेलेलं असतं.

ही वाट नेमकी कुठे चुकते, ते पुढे क्रमाने दिलं आहे. डोस किती घ्यायचा हे डॉक्टरच ठरवतील. ठरलेला डोस पुरता पोचवायचा कसा, एवढंच इथे बघू. लेखात 'शुगर' म्हणजे रक्तातली आणि 'साखर' म्हणजे डब्यातली. दोन्हींची गल्लत नको.

## १. बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळवा

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या १० मिलीच्या बहुतेक बाटल्यांत दर मिलीला ४० युनिट असतात, म्हणजे बाटलीत ४००. पेनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये दर मिलीला १०० युनिट, म्हणजे एकूण ३००. काही इन्सुलिनं १०० च्या ताकदीच्या बाटलीतही येतात. त्यामुळे 'बाटली म्हणजे ४०' असं धरून चालू नका, लेबल वाचा.

सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची नारिंगी. जोडी चुकली तर काय होतं ते आकड्यांत बघा:

- १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. शुगर कोसळते.
- ४० ताकदीचं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर जातात फक्त ८ युनिट. शुगर चढत राहते आणि 'इन्सुलिनचा काही उपयोग नाही' असं वाटायला लागतं.

सावधान: पेनच्या कार्ट्रिजमध्ये थोडं उरलं की ते लाल टोपीच्या सिरिंजने ओढून 'संपवणारे' बरेच असतात. हीच ती अडीचपट चूक. उरलेलं टाकून द्यावं लागलं तरी चालेल.

पडताळणी: मेडिकलच्या काउंटरवरच तीन गोष्टी चिठ्ठीशी ताडून घ्या: नाव, नावापुढचा आकडा किंवा अक्षर, आणि ताकद. एकाच नावाचं इन्सुलिन ३०/७० मध्ये येतं (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं) आणि ५०/५० मध्येही. डबी सारखीच दिसते, काम मात्र वेगळं.

## २. थंड ठेवा, पण गोठू देऊ नका

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही, चिलरच्या ट्रेत नाही आणि मागच्या भिंतीला चिकटवूनही नाही, कारण तिथे बर्फ धरतो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखंच असतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकून द्या.

वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत असलेल्या खोलीत राहू शकते, साधारण ४ आठवडे. काही प्रकारांना मुदत जास्त असते. डबीतला कागद बघा. कार्ट्रिज बसवलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका, टोपी लावून बाहेरच ठेवा. बाटली फ्रिजमध्ये असेल तर अर्धा तास आधी काढा. गार इन्सुलिन जास्त झोंबतं.

इथे एक साधं गणित बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. दिवसाला १० युनिट घेणाऱ्याला ४०० युनिटांची बाटली ४० दिवस पुरते. मुदत २८ दिवसांची. म्हणजे प्रत्येक बाटलीचे शेवटचे बारा दिवस उतरतं इन्सुलिन जातं, आणि 'महिन्याच्या शेवटी शुगर वाढते' हे कोडं सुटत नाही. बाटली उघडली त्या दिवशी डबीवर पेनने तारीख घाला.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत इन्सुलिनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्कूटरची डिकी. दुपारी मेडिकलमधून घेतलं, डिकीत टाकलं, मग तुळशीबाग, मग मंडई. दोन तास उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते पार शिजतं. इन्सुलिन सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट घरी या. मेडिकलवाल्याने बर्फाची थैली दिली तर मध्ये कापडाची घडी ठेवा. बर्फ बाटलीला टेकला तर ती गोठू शकते.

घरी फ्रिज नसेल किंवा गावाला जायचं असेल तर मातीचं भांडं चालतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा, इन्सुलिन घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवा आणि वरून ओलं फडकं टाका. सावलीत, वारा लागेल अशा जागी. उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. काही तास वीज गेली तर घाबरू नका, फक्त फ्रिजचं दार उघडू नका.

## ३. शुगर मोजा, पण हात धुऊन

हापूस चिरलेल्या हाताने बोटाला टोचलं तर ग्लुकोमीटर रक्ताबरोबर आंब्याचीही साखर मोजतो. आकडा २८० दिसतो, खरी शुगर १६० असते. साबणाने हात धुवा, कोरडे करा. कोमट पाण्याने धुतले तर रक्तही सहज येतं. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या.

बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. मध्ये दुखतं जास्त. रक्त येत नाही म्हणून बोट पिळू नका. पिळल्याने रक्तात बाकीचा द्रव मिसळतो आणि आकडा बिघडतो. हात खाली सोडून जरा हलवा, मग टोचा.

पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात तर नक्कीच. दमट हवेने पट्टी खराब होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी बघायची, हात धुऊन उठल्यापासून नव्हे. घरचा मीटर आणि लॅब यांच्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक पडणं नियमात बसतं. १४० आणि १५५ यावरून लॅबशी भांडायला जाऊ नका.

थांबा: टोचण्याआधीचा आकडा ७० च्या खाली असेल तर आत्ता इन्सुलिन नाही. आधी टप्पा ९ वाचा.

## ४. जागा: आधी बोटांनी, मग डोळ्यांनी

शुगर वर-खाली होण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण इथे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

महिनोन्‌महिने एकाच जागी टोचलं की तिथली चरबी वाढून मऊ, रबरासारखी गाठ धरते. त्या गाठीत टोचलं की दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो, आणि गाठ अजून वाढते. गाठीतून इन्सुलिन कधी निम्मंच शोषलं जातं, कधी उशिरा, कधी एकदम. डोस तोच, आकडा रोज वेगळा. 'सवयीची जागा' आहे असं कुणी म्हणालं की तीच आधी तपासावी.

गाठ शोधायची कशी:

१. अंघोळीच्या वेळी पोटाला साबण लावा किंवा हाताला तेल लावा. कोरड्या बोटांना गाठ कळत नाही.
२. आधी उभं राहून, मग पडून बघा. बोटांची टोकं हलकेच दाबत बेंबीच्या दोन्ही बाजूंना गोल फिरवा, मग मांड्या.
३. दोन बोटांत कातडी चिमटीत धरा. निरोगी जागी पातळ घडी येते. गाठीच्या जागी जाड, सरकत्या गोळ्यासारखी.
४. खिडकीशी आडवं उभं राहून कडेच्या उजेडात पोटाकडे बघा. हाताला न लागलेला उंचवटा सावलीत दिसतो.
५. सापडलेल्या गाठीभोवती बॉलपेनने वर्तुळ काढा आणि ते डॉक्टरांना दाखवा.

मोठी सावधगिरी: गाठ सापडली म्हणून उद्यापासून तोच डोस ताज्या जागी सुरू करू नका. गाठीतून अर्धंमुर्धं पोचत होतं, म्हणून डोस वाढत गेला होता. आता तो पूर्ण पोचेल आणि शुगर धाडकन खाली येईल. आधी डॉक्टरांशी बोला, बहुतेक वेळा डोस कमी करावा लागतो. जागा बदलल्यावर पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा मोजा. गाठ जिरायला काही महिने लागतात. तोवर तिला सुई लावायची नाही.

पुढे गाठ होऊ नये म्हणून पोटाचे चार भाग धरा: बेंबीच्या वर उजवा-डावा, खाली उजवा-डावा. बेंबीपासून दोन बोटं जागा सोडा. एक आठवडा एक भाग. त्या भागातही रोजचं टोचणं आधीच्या जागेपासून बोटभर दूर. मांडीला टोचायचं तर वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला. दंडाला मागच्या बाजूला टोचतात, पण तिथे स्वतःच्या हाताने नीट जमत नाही.

पोटातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, मांडीतून सावकाश. म्हणून सकाळी पोट, संध्याकाळी मांडी असं ठरवलंत तर तेच रोज पाळा. आज इथे, उद्या तिथे अशी सरमिसळ केली तर आकड्यांवरून काहीच कळणार नाही.

## ५. घड्याळ जेवणाला बांधा

'रात्रीचं इन्सुलिन आठ वाजता' ही सवय निम्म्या गोंधळाचं मूळ. वेळ ताटावरून ठरते:

- साधं पाण्यासारखं मानवी इन्सुलिन आणि ३०/७० चं मानवी मिश्रण: जेवणाच्या अर्धा तास आधी.
- नव्या प्रकारची झटपट इन्सुलिनं आणि त्यांची मिश्रणं: जेवायला बसताना, फार तर १५ मिनिटं आधी.
- दिवसभर पुरणारं इन्सुलिन, उदाहरणार्थ ग्लार्जिन: रोज ठरलेल्या वेळी. जेवणाशी संबंध नाही.

यातलं आपलं कोणतं, हे डबीवरच लिहून घ्या. अर्धा तास आधीचं इन्सुलिन घास घेताना टोचलं की जेवणानंतरची शुगर चढते आणि मध्यरात्री पडते. उलट, टोचून झाल्यावर पाहुणे आले आणि जेवण तासाभराने लांबलं तर ताटावर बसण्याआधीच घाम फुटतो. ताटं वाढायला घेतली का, हे बघून मगच टोचा. लग्नाच्या पंगतीत तर पत्रावळ समोर येईपर्यंत विश्वास ठेवू नका.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

## ६. दुधाळ इन्सुलिन एकजीव करा

मिश्रणाचं आणि एन प्रकारचं (एनपीएच, सावकाश काम करणारं) इन्सुलिन दुधासारखं दिसतं. ठेवलं की औषध तळाशी बसतं. तसंच टोचलं तर आज नुसतं पाणी, उद्या नुसता साका.

दोन तळहातांत आडवं धरून १० वेळा फिरवा, मग १० वेळा सावकाश उलटंपालटं करा. सगळीकडे सारखा दुधाळ रंग दिसायला हवा. जोरात हलवू नका, फेस होतो आणि मात्रा चुकते. कार्ट्रिजमध्ये छोटी काचेची गोळी असते, ती वरखाली सरकताना दिसली पाहिजे. कार्ट्रिजमध्ये सुमारे १२ युनिटांपेक्षा कमी उरलं असेल तर नीट ढवळलं जात नाही, नवं बसवा.

पडताळणी: दुधाळ इन्सुलिनात गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले, किंवा पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं, की बाटली बाद. मुदतीची तारीख काहीही असो.

## ७. टोचणं

हात धुतलेले असावेत. पोट साबणाने स्वच्छ असेल तर स्पिरिटची गरज नाही. लावलंच तर वाळू द्या. कपड्यावरून टोचू नका.

पेनने

१. नवी सुई सरळ फिरवून बसवा. जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना ४ मिमीची सुई पुरते, पोट कितीही सुटलेलं असो. कातडीची जाडी लठ्ठपणाने फारशी बदलत नाही.
२. २ युनिट लावा, सुई वर धरा, बटण दाबा. टोकाला थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा करा.
३. आता डोस लावा. आकडा डोळ्यांनी वाचा, टकटक मोजून नको.
४. ४ मिमीची सुई सरळ ९० अंशांत टोचा. चिमटीची गरज नाही. अंगाने फारच बारीक असाल तर चिमूट धरा.
५. बटण शेवटपर्यंत दाबा आणि दाबलेलंच ठेवून सावकाश १० पर्यंत मोजा. मगच सुई काढा.
६. सुई पेनवरून लगेच काढून टाका.

दुसरी पायरी लोक गाळतात, कारण दोन युनिट वाया जातात. दिवसाला दोनदा म्हटलं तर महिन्याला १२० युनिट. हिशेब अगदी बरोबर आहे. पण सुईत हवा असली किंवा सुई तुंबलेली असली तर अख्खा डोसच जात नाही आणि पेनचा आकडा शून्यावर येऊन 'झालं' असं सांगतो. सुईच्या टोकावरून किंवा कातडीवरून थेंब ओघळत असेल तर पाचवी पायरी घाईत झाली. आणि सुई पेनवर तशीच राहिली तर हवा आत जाते, इन्सुलिन बाहेर गळतं.

सिरिंजने

१. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा, वाळू द्या.
२. डोसाइतकी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडा. हे गाळलं तर ओढताना जोर लागतो आणि बुडबुडे येतात.
३. बाटली उलटी धरून डोस ओढा. बुडबुडा असेल तर टिचकी मारा, वर आला की आत ढकला, पुन्हा रेघेवर आणा.
४. सिरिंजची सुई ६ किंवा ८ मिमीची असते. चिमूट धरा, बारीक अंगाला ४५ अंशांत तिरकं टोचा. सुई बाहेर काढल्यावरच चिमूट सोडा.

दोन इन्सुलिनं एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितली असतील तर आधी पाण्यासारखं, मग दुधासारखं. क्रम उलटला तर पाण्यासारख्याची बाटली गढूळ होऊन वाया जाते. ग्लार्जिन कशातच मिसळत नाहीत.

रक्ताचा ठिपका आला तर कापसाने दाबा, चोळू नका. चोळल्याने किंवा लगेच कढत पाण्याने अंघोळ केल्याने इन्सुलिन भरभर शोषलं जातं.

## ८. सुई एकदाच, आणि कचऱ्यात उघडी नाही

सुई एका वापरासाठी बनवलेली असते. खर्च वाचवायला लोक ती आठवडाभर वापरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. टोक बोथट होतं, वाकतं, कातडी फाडतं आणि गाठी लवकर धरतात. पेन मात्र कधीच दुसऱ्याला द्यायचं नाही, नवी सुई लावूनही नाही आणि नवरा-बायकोतही नाही. टोचताना रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतो.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणवाल्या डब्यात टाका, फिनेलची रिकामी बाटली चालेल. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, 'सुया' असं ठळक लिहा आणि घरोघरी कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना वेगळी, सांगून द्या. सुक्या कचऱ्यात सुटी टाकलेली सुई कचरा निवडताना त्यांच्याच हातात घुसते.

## ९. शुगर घसरली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. वयस्कर माणूस नुसता असंबद्ध बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, झोप पुरी झाली नाही. शंका आली की मोजा. मीटर हाताशी नसेल तर न मोजता पुढचं सुरू करा.

१. ७० च्या खाली: ३ चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्धा ग्लास पाण्यात घालून लगेच प्या. सुमारे १५ ग्रॅम होतात.
२. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच.
३. ७० च्या वर आल्यावर, जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा दोन-तीन बिस्किटं.

पेढा, चॉकलेट, सायीचं दूध नको. त्यातलं स्निग्ध साखरेला अडवून धरतं. आणि घाबरून अर्धा डबा साखर खाल्ली तर दोन तासांनी ३०० दिसणारच.

हे गोळ्यांच्या पाकिटावर बघा: इन्सुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर, गूळ, सरबत पटकन काम करत नाही, कारण त्या गोळ्या साखरेचं पचनच लांबवतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच ठेवा, स्वयंपाकघरात एक पुडी आणि पिशवीत एक.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरेचं पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. स्कूटरवर असताना लक्षणं आली तर 'पुढच्या सिग्नलपर्यंत' नको, तिथेच कडेला घ्या.

## १०. सगळं बरोबर, तरी शुगर पडायला लागली

पाच वर्षं जमलेला डोस अचानक जास्त व्हायला लागला, की घरचे खूश होतात, 'मधुमेह कमी झाला'. आधी हे तपासून घ्या.

मूत्रपिंड. इन्सुलिनचा बराच भाग मूत्रपिंडातून नाहीसा होतो. ती थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज) आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घ्या. पायाला सूज येईपर्यंत थांबू नका.

जठर. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात आणि अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. थोडं खाऊन पोट गच्च, मळमळ; जेवल्यावर लगेच शुगर कमी आणि चार तासांनी जास्त. असं दिसलं तर इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते.

नसा. आधी ७० ला घाम फुटायचा, आता ५० ला सुद्धा काही कळत नाही. वारंवार शुगर पडली की शरीर इशारा देणं सोडतं, आणि नसांच्या इजेनेही तसंच होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही, मेटोप्रोलॉलसारख्या, धडधड आणि थरथर झाकतात. घाम मात्र येतो. अशा माणसाने झोपण्याआधी आणि गाडी चालवण्याआधी मोजायलाच हवं.

डोळे. सिरिंजच्या रेघा नीट दिसत नसतील तर डोस रोज वेगळा जाणार. भिंग वापरा किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. मात्र इन्सुलिन नुकतंच सुरू झालं असेल तर काही आठवडे धूसर दिसू शकतं. शुगर उतरताना डोळ्याच्या भिंगातलं पाणी बदलतं. तेवढ्यासाठी घाईने नवा चष्मा करू नका. पडद्याची तपासणी मात्र टाळू नका.

सकाळची शुगर रोजच जास्त येत असेल तर दोन-तीन रात्री पहाटे ३ ला मोजा. तेव्हा कमी असेल तर रात्रीचं इन्सुलिन जास्त होतंय. तेव्हाही जास्त असेल तर कमी पडतंय. हा एक आकडा नसताना डोस वाढवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

## ११. रोजच्यापेक्षा वेगळे दिवस

संकष्टी. जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे नऊ-साडेनऊला किंवा त्याहून उशिरा. संध्याकाळचं मिश्रण रोजच्या वेळी टोचून चंद्राची वाट बघत बसू नका. सकाळच्या मिश्रणाचा डोसही उपवासाच्या दिवशी वेगळा लागतो. तो डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवा. एकादशीला धोका उलट्या बाजूने: साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, वर बटाटा. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे शुगरच्या वहीत लख्ख उमटतं.

सिंहगड, पर्वती, टेकडी. चढायच्या आधी मांडीत टोचू नका. चालत्या स्नायूशेजारून इन्सुलिन भराभर शोषलं जातं. निघताना मोजा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा. ग्लुकोज खिशात ठेवा, गाडीत नाही. मोठ्या चढाईनंतर शुगर त्याच रात्रीही पडू शकते.

ताप, जुलाब, उलट्या. 'खात नाही तर इन्सुलिन कशाला' ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आजारपणात उपाशीपोटीही शुगर चढते. दिवसभर पुरणारं इन्सुलिन बंद करायचं नाही, टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहात, तर कधीच नाही. दर तीन-चार तासांनी मोजा, पाणी, ताक, पेज चालू ठेवा आणि जेवणाच्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना फोन करा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्याबद्दलही तेव्हाच विचारा. अशा वेळी ती गोळी सहसा थांबवतात. उलट्या थांबत नाहीत, शुगर २५० च्या वर आहे, पोटात दुखतंय किंवा श्वास खोल आणि भरभर चाललाय, तर घरी थांबू नका.

प्रवास. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. एसटीत खिडकीच्या उन्हात नको.

## १२. डॉक्टरांकडे काय न्यायचं

वहीचे सहा रकाने पुरेत: तारीख, वेळ, शुगर, किती युनिट, कुठे टोचलं, आणि शेरा. 'कुठे टोचलं' हा रकाना सहसा कुणी ठेवत नाही. पंधरा दिवस तो भरला की बरंच काही आपोआप दिसतं: डावीकडे टोचलं तेव्हा १४०, उजवीकडे २३०, म्हणजे उजवीकडे गाठ आहे का ते बघा.

वहीबरोबर पेन किंवा सिरिंज, वापरातली बाटली आणि मीटरही पिशवीत घाला. 'डोस वाढवू या' असं म्हणण्याआधी एकदा पोट तपासा, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आणि तिथेच त्यांच्यासमोर किंवा नर्ससमोर एक डोस टोचून दाखवा.